परदेशात शूटिंग, सरकारचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात चित्रपट केला की तिथलं सरकार पैसे परत देतं, हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर आलंय. किती देतं, कशावर देतं आणि मुळात का देतं, याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात. बाहेर शूटिंग करू पाहणारे निर्माते, चित्रपटाचे विद्यार्थी आणि "लोकांच्या करातून हिरोची हौस कशाला?" असं रागाने विचारणारे वाचक, या सगळ्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. टक्केवारी दर अर्थसंकल्पात बदलू शकते, त्यामुळे सही करण्यापूर्वी चालू आकडा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहावा.

रिबेट म्हणजे नेमकं काय? आधी पैसे मिळतात की नंतर?

नंतर, आणि हा सर्वात मोठा गैरसमज आहे. निर्मात्याने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा, पावत्या सांभाळायच्या, हिशेब तपासून घ्यायचा, मग त्या देशात झालेल्या खर्चाचा ठरलेला हिस्सा परत मिळतो. हंगेरीत तो ३० टक्के आहे, आयर्लंडमध्ये ३२, ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या मोठ्या निर्मितीला ३०. कुठे रोख मिळते, कुठे करातून वजावट होते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तर गंमतच आहे. निर्मिती कंपनीला तिथे भरण्याइतका करच नसेल, तर मिळालेलं कर-क्रेडिट, म्हणजे करातून वजावटीचा हक्क, ती दुसऱ्या एखाद्या करदात्याला थोड्या कमी भावाने विकू शकते. म्हणजे सरकारने दिलेली सवलत बाजारात हातोहात फिरते आणि शेवटी ती कुणा भलत्याच कंपनीचा कर कमी करते.

मुंबईत दिलेली नटाची फी, पुण्यात केलेलं एडिटिंग, इथली जाहिरात यांतलं काही रिबेटच्या हिशेबात धरलं जात नाही.

पण सरकारने हे का करावं? सिनेमा हा खासगी धंदा आहे ना?

आहे. पण तो चाकांवरचा धंदा आहे. पोलाद कारखाना एकदा उभा राहिला की उचलून नेता येत नाही. फिल्म युनिट मात्र सोमवारी बुडापेस्टमध्ये असतं आणि पुढच्या महिन्यात बेलफास्टमध्ये असू शकतं. युनिट जिथे उतरतं तिथे हॉटेलं भरतात, सुतार, शिंपी, लाइटवाले, ड्रायव्हर, जेवणवाले यांना काम मिळतं, आणि हा पैसा बाहेरून आलेला असतो. म्हणून सरकारं त्याच्यासाठी बोली लावतात.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला बाजारातला हस्तक्षेप म्हणतात. मला तो लिलावच वाटतो. लिलावात विकणारा खूश असतो, जिंकणाऱ्याने जास्त मोजले की नाही हे नंतर कळतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा पुन्हा येईल: युनिट निघून गेल्यावर गावात काय उरलं?

हे सगळं केव्हापासून चालू आहे? पूर्वी लोक काय करायचे?

पूर्वी आपली माणसं परदेशी गेली ती यंत्रासाठी आणि विद्येसाठी. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. व्ही. शांताराम १९३३ मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रिंटसाठी जर्मनीला गेले. कुठल्याही सरकारने त्यांना दमडी दिली नाही. उलट दिशेचा प्रवासही झाला. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये चित्रपट करत होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं. सरकारची भूमिका तिथे आली, पण अशी.

आजच्या व्यवस्थेचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कंगालीत आहे. १९४७ मध्ये ब्रिटनची डॉलरची तिजोरी रिकामी होत होती आणि थिएटरं मात्र अमेरिकन चित्रपटांनी भरलेली होती. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी ऑगस्टमध्ये अमेरिकन चित्रपटांवर ७५ टक्के कर लावला. हॉलीवूडने नवे चित्रपट पाठवणंच बंद केलं. सात महिने ताणाताणी चालली आणि मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली: अमेरिकन कंपन्यांनी वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलर मायदेशी न्यावेत, उरलेले पौंड ब्रिटनमध्येच राहतील. आता तिथे अडकलेल्या पैशाचं करायचं काय? तिथेच चित्रपट बनवायचे.

इटलीतही असंच झालं. लिरा बाहेर नेता येत नव्हते, रोममध्ये चिनेचित्ता हा १९३७ चा भव्य स्टुडिओ होता आणि मजुरी स्वस्त होती. एक अख्खं दशकभर हॉलीवूड टायबर नदीच्या काठी मुक्कामाला आलं. 'बेन-हर' तिथेच उभा राहिला. म्हणजे परदेशी शूटिंगची ही लाट निसर्गसौंदर्याच्या ओढीने उसळलेली नव्हती. ती चलन-नियंत्रणातून उसळली.

मग ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकलं. १९५० पासून तिकिटाच्या पैशातून एक वाटा काढून तो 'ब्रिटिश' चित्रपटांना वाटायला सुरुवात झाली. सर विल्फ्रेड ईडी या अधिकाऱ्याच्या नावाची ही 'ईडी लेव्ही', म्हणजे उपकर, १९५७ मध्ये कायद्याने सक्तीची झाली. ब्रिटिश कोण, हे ठरवताना कथा पाहिली जात नव्हती, काम कुठे झालं आणि पगार कुणाला गेला हे पाहिलं जाई. त्यामुळे अमेरिकन पैशाने लंडनमध्ये बनलेला चित्रपटही ब्रिटिश ठरे आणि तो जितका चाले तितका जास्त वाटा त्याला मिळे. सुरुवातीच्या बाँडपटांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. ही लेव्ही १९८५ मध्ये बंद झाली, तरी तोवर पाइनवूड आणि शेपरटन या लंडनजवळच्या स्टुडिओंत तंत्रज्ञांच्या पिढ्या तयार झाल्या होत्या.

भारतातही असे पैसे अडकत होते का?

हो. परदेशी कंपन्यांची इथली कमाई बाहेर नेण्यावर मर्यादा होत्या. मुंबईचे इस्माइल मर्चंट आणि अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांचा पहिला चित्रपट कोलंबिया कंपनीने विकत घेतला तो इथे अडकलेल्या रुपयांतूनच. दोघांची पुढची जी कारकीर्द जगाने पाहिली, तिच्या पायात रिझर्व्ह बँकेच्या नियमांचाही एक दगड आहे.

आपल्या निर्मात्यांना उलटी अडचण होती. बाहेर जायचं तर परकीय चलन मोजूनमापून मिळे. 'संगम'सारख्या चित्रपटात १९६४ मध्ये युरोप दिसला याचं प्रेक्षकांना अप्रूप वाटलं, त्यामागे ही टंचाईही होती. १९७३ च्या 'फेरा' या परकीय चलन कायद्याने हे दोर आणखी आवळले. ते खऱ्या अर्थाने सैल झाले २००० मध्ये, त्याच्या जागी 'फेमा' हा कायदा अमलात आल्यावर. त्याच सुमारास केंद्राने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा दिला (घोषणा १९९८ ची) आणि बँकेकडून रीतसर कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. तोवर चित्रपटाला पैसा कुठून यायचा, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

स्वित्झर्लंडने यश चोप्रांना पैसे दिले होते का?

त्या काळी तिथे जाण्यामागे रिबेट हे कारण नव्हतं. बर्फ हवा होता, शूटिंगला शांतता हवी होती आणि १९९० च्या आसपास काश्मीर हातचं गेलं होतं. फायदा स्वित्झर्लंडला झाला. भारतीय पर्यटकांची रांग लागली. इंटरलाकेनने २०१६ मध्ये चोप्रांचा पुतळा उभारला. रिबेटवर एकही फ्रँक खर्च न करता मिळालेली ही जाहिरात इतर देशांच्या पर्यटन खात्यांनी नीट पाहून ठेवली.

हल्ली मराठी चित्रपटांतली माणसं उठून लंडनलाच का जातात?

प्रेक्षकांचा हा टोमणा अगदीच अनाठायी नाही. 'झिम्मा'तल्या बायका इंग्लंडच्या सहलीला गेल्या आणि लोकांना ते पटलं, कारण कथेची ती गरज होती. पण सगळ्याच चित्रपटांत तसं असतं असं म्हणवत नाही.

ब्रिटनमध्ये कर-क्रेडिट हवं असेल तर चित्रपट आधी 'ब्रिटिश' ठरावा लागतो. त्यासाठी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची सांस्कृतिक चाचणी असते: ३५ पैकी किमान १८ गुण. कथा ब्रिटनमध्ये घडते का, याला ४ पर्यंत. मुख्य पात्रं तिथली आहेत का, ४ पर्यंत. विषय ब्रिटिश आहे का, ४. संवाद इंग्रजीत आहेत का, तब्बल ६ पर्यंत. बाकीचे गुण ब्रिटिश संस्कृतीला काय हातभार लावला, शूटिंग आणि पोस्टचं (शूटिंगनंतरचं एडिटिंग, साउंड वगैरे) काम कुठे झालं आणि प्रमुख कलाकार-तंत्रज्ञ कुठले, यावर.

आता मराठी निर्मात्याच्या खुर्चीत बसा. संवाद मराठीत, म्हणजे भाषेचे सहा गुण जवळपास गेलेच. दिग्दर्शक, लेखक, संगीतकार आपलेच, म्हणजे तिथेही पडझड. राहिलं काय? कथानक आणि पात्रं. मग नायिका लीड्समध्ये डॉक्टर होते, सासरे हाउन्स्लोला राहायला जातात आणि नायक पहिल्याच प्रसंगात हीथ्रोवर उतरतो. एका परक्या देशाचं आर्थिक धोरण आपल्या पटकथेत असं गुपचूप शिरतं. यात बेकायदा काही नाही. मात्र जी कथा सांगलीत घडली असती ती गुणांसाठी स्लाऊला नेली, की पडद्यावर ते कळतं.

दुसरी वाटही आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात सहनिर्मितीचा करार आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या चित्रपटाला ही गुणांची चाचणी द्यावी लागत नाही, पण तिथे खराखुरा ब्रिटिश भागीदार लागतो आणि दोन्हीकडची कागदपत्रं वेळखाऊ असतात.

हिशेब करून दाखवाल का?

समजा चित्रपटाचा 'कोअर' खर्च १० लाख पौंड आहे. कोअर म्हणजे शूटिंगची तयारी, शूटिंग आणि पोस्ट. पटकथा घडवण्याचा सुरुवातीचा खर्च, प्रसिद्धी, वितरण, कर्जावरचं व्याज हे त्यात नाही. यातले ५ लाख पौंड ब्रिटनमध्ये वापरले गेले.

क्रेडिट मोजताना ब्रिटनमधला कोअर खर्च किंवा एकूण कोअर खर्चाचे ८० टक्के, यांतली लहान रक्कम धरतात. इथे ५ लाख. १ जानेवारी २०२४ पासूनच्या व्यवस्थेत दर ३४ टक्के आहे, म्हणजे १,७०,००० पौंड. हे ऐकून निर्माता पेढे वाटायला निघतो. थांबा. हे क्रेडिट करपात्र आहे. २५ टक्के कर, म्हणजे ४२,५०० वजा. हातात १,२७,५००. म्हणजे ब्रिटनमधल्या खर्चाच्या साडेपंचवीस टक्के, आणि पूर्ण चित्रपटाच्या जेमतेम पावणेतेरा टक्के.

त्यात हिशेबनीस, वकील, ब्रिटिश कंपनी चालवण्याचा खर्च वजा करा. मग लंडनच्या हॉटेलचा आणि तिथल्या मजुरीचा दर नाशिकच्या दराशेजारी ठेवा. कथा तिथेच घडत असेल तर हे पैसे मोलाचे आहेत. केवळ त्यांच्यासाठी जाणार असाल तर बहुतेक वेळा घाटा होईल.

५३ टक्के मिळतात असं ऐकलं, ते खोटं का?

खोटं नाही, पण ते दार वेगळं आहे. छोट्या स्वतंत्र चित्रपटांसाठी, म्हणजे साधारण दीड कोटी पौंडांपर्यंत बजेट असलेल्यांसाठी, ब्रिटनने ५३ टक्के दर आणला. १ एप्रिल २०२४ पासून मुख्य शूटिंग सुरू झालेले चित्रपट त्यात बसतात. अट अशी की दिग्दर्शक किंवा मुख्य लेखक ब्रिटनचा नागरिक वा रहिवासी हवा, नाहीतर चित्रपट अधिकृत सहनिर्मिती हवा. वरच्याच उदाहरणात करानंतर १,९८,७५० पौंड हातात पडतील. तिथे वाढलेल्या मराठी दिग्दर्शकाला मुंबईहून अचानक फोन का यायला लागतात, ते आता लक्षात येईल.

पैसे प्रत्यक्ष किती दिवसांनी येतात? तोवर काय करायचं?

कंपनीचं हिशेबी वर्ष संपतं, विवरणपत्र भरलं जातं, मग दावा तपासला जातो. काही महिने सहज जातात. तोवर सावकार, म्हणजे या धंद्यात कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, त्या दाव्याच्या भरवशावर रक्कम उचल देतात. व्याज समजा वर्षाला १२ टक्के आणि मुदत ९ महिने धरली, तर १,२७,५०० पौंडांवर साडेअकरा हजारांच्या आसपास तिथेच गेले. बजेटच्या तक्त्यात रिबेट 'उत्पन्न' म्हणून लिहिताना ही ओळ विसरणारे निर्माते फार.

मुंबईचं युनिट नेता येतं का?

येतं. ब्रिटिश नियम पैसा कुठल्या देशाच्या माणसाला गेला हे पाहत नाही, सेवा कुठे वापरली गेली हे पाहतो. त्यामुळे आपल्या छायालेखकाने ब्रिटनमध्ये केलेल्या कामाचं मानधनही मोजलं जाऊ शकतं.

पेच व्हिसाचा आहे. परदेशी कंपनी पगार देत असेल आणि चित्रपट मुख्यतः बाहेरच्या पैशाने बनत असेल, तर लोकेशन शूटिंगसाठी युनिटला व्हिजिटर व्हिसावर जाता येतं. पण क्रेडिटचा दावा ब्रिटिश कंपनी करणार, तर निर्णय, करार आणि देणी खरोखर तिनेच सांभाळायला हवीत. नावापुरती कंपनी चालत नाही. मग पगार देणारी परदेशी कंपनी कोणती? दोन्ही खात्यांना वेगवेगळी उत्तरं देऊन भागत नाही. हा प्रश्न तिकिटं काढण्यापूर्वी सोडवावा आणि तो लाइन प्रोड्युसरवर, म्हणजे शूटिंगचा रोजचा कारभार पाहणाऱ्यावर, न सोपवता वकिलाकडे न्यावा.

कॅमेरा, लेन्स, साउंडचं सामान न्यायचं असेल तर एटीए कार्नेट हा सामान तात्पुरतं बाहेर नेण्याचा कागद काढावा, म्हणजे प्रत्येक सीमेवर सीमाशुल्क भरावं लागत नाही. भारतात तो फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि युरोपीय संघ या दोन वेगळ्या हद्दी आहेत. लंडनहून एक दिवस पॅरिसला जाऊन गाणं उरकायचं असेल तर तेवढ्यासाठीही सामानाचे कागद लागतात.

मुख्य मुद्दा: सरकारला यातून फायदा होतो की तोटा?

तिजोरीपुरतं बोलायचं तर अनेक ठिकाणी तोटाच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण पाहा. मोटार उद्योग ढासळत होता, डेट्रॉइट ओस पडत होतं, तेव्हा २००८ मध्ये त्यांनी ४२ टक्क्यांपर्यंत सवलत जाहीर केली. युनिट्स धावत आली. पण १०० डॉलरच्या खर्चावर ४२ परत द्यायचे आणि त्या १०० वर कर म्हणून त्याच्या एका छोट्या अंशाइतकेच मिळवायचे, हे गणित किती दिवस चालणार? २०१५ मध्ये योजना गुंडाळली गेली. युनिट्सही गेली.

आयोवाची कथा तर तमाशाच्या वगात शोभेल. तिथली सवलत निम्म्या खर्चापर्यंत होती आणि देखरेख नावाला. २००९ मध्ये उघड झालं की काही निर्मात्यांनी सरकारी सवलतीवर आलिशान गाड्या घेतल्या होत्या. राज्यपालांनी योजना तत्काळ थांबवली, पुढे खटले चालले.

याउलट जॉर्जियाने २००८ पासून २० टक्के आणि राज्याचा लोगो दाखवला तर आणखी १० टक्के, असं वर्षानुवर्षं सातत्याने दिलं. अटलांटाजवळ मोठे स्टुडिओ उभे राहिले, सुतारापासून स्टंटवाल्यापर्यंत हजारोंना काम मिळालं. यश? बऱ्याच अंशी. पण अलीकडे मार्व्हलने मोठे चित्रपट ब्रिटनकडे वळवले आणि अटलांटाचे तंत्रज्ञ घरी बसू लागले. कॅलिफोर्निया, म्हणजे साक्षात हॉलीवूडचं राज्य, २०२५ मध्ये आपली वार्षिक सवलत ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर नेते, कारण आपल्याच घरचा धंदा बाहेर चाललाय! सगळ्यांनी बोली वाढवली की कुणालाच वाढीव काही मिळत नाही, फक्त चित्रपट कंपनीचा खर्च कमी होतो.

बाजूने बोलणारे म्हणतात की फक्त कराची वसुली मोजू नका. पर्यटन, कौशल्य, देशाचं नाव हेही मोजा. मान्य. पण हे न मोजता येणारे फायदे सांगणारे अहवाल बहुधा त्याच उद्योगाने करून घेतलेले असतात, एवढं वाचताना ध्यानात असू द्यावं.

न्यूझीलंडने कामगार कायदाच बदलला, हे खरं आहे?

खरं आहे. 'द हॉबिट'च्या वेळी, २०१० मध्ये, नटांच्या संघटनांनी सामूहिक कराराची मागणी करून बहिष्काराची हाक दिली. निर्मिती दुसऱ्या देशात नेण्याची भाषा सुरू झाली. वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी वेलिंग्टनला आले, पंतप्रधान जॉन की यांनी त्यांच्याशी वाटाघाटी केल्या आणि ऑक्टोबरअखेर संसदेत तातडीने दुरुस्ती मंजूर झाली: चित्रपटावर काम करणारा माणूस, वेगळा लेखी नोकरीचा करार नसेल तर, कर्मचारी नव्हे, कंत्राटदार मानला जाईल. वर सवलतही वाढवून मिळाली. कामगारांना पुन्हा सामूहिक वाटाघाटीचा हक्क मिळायला २०२२ चा कायदा यावा लागला.

एवढं करून निष्ठा मिळाली का? त्याच काल्पनिक जगावरच्या ॲमेझॉनच्या मालिकेचं पहिलं पर्व तिथे झालं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने दुसरं पर्व ब्रिटनला नेत असल्याचं जाहीर केलं. उरलं काय, तर वेलिंग्टनचा वेटा हा व्हीएफएक्स (संगणकावर दृश्यं घडवणारा) स्टुडिओ आणि तिथे घडलेली माणसं. माझ्या मते न्यूझीलंडच्या करदात्याला खरी वसुली मिळाली असेल तर ती तेवढीच, आणि ती कमी नाही.

व्हीएफएक्सचं काम तर भारतात येतं. आपण यात फायद्यात आहोत ना?

काही अंशी. व्हीएफएक्सला लोकेशनही लागत नाही, त्यामुळे ते सवलतीच्या मागे सर्वात जास्त पळतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने पगारावर सवलत दिली, तसे लॉस एंजेलिसचे कलाकार व्हँकुव्हरला भाड्याच्या घरांत राहायला गेले. पुढे माँट्रियलने जास्त दिलं तेव्हा पुन्हा सामान बांधलं.

'लाइफ ऑफ पाय'चा वाघ बनवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी आठवते? फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला तिच्या कामाला ऑस्कर मिळालं. सभागृहाबाहेर कलाकार निदर्शनं करत होते, आत विजेता कंपनीच्या अडचणींबद्दल बोलायला लागताच संगीत वाजवून त्याला गप्प केलं गेलं. या कंपनीच्या मुंबई आणि हैदराबादलाही शाखा होत्या. ठरलेल्या रकमेत काम घ्यायचं, बदल कितीही झाले तरी ते सोसायचे, आणि त्यातून सवलतीचा हिस्साही स्टुडिओने बोलीतच मागून घ्यायचा. पुरवठादाराच्या हाती काहीच राहत नाही. सरकारने दिलेला पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो, हे ज्याची घासाघीस करण्याची ताकद जास्त त्यावर ठरतं. मालाड-गोरेगावच्या स्टुडिओंत रात्रपाळी करणाऱ्या मुलामुलींना हे अनुभवाने माहीत आहे.

मग सरकारने यातून हात काढून घ्यावा का?

तसं मला वाटत नाही. मदत करण्याच्या पद्धती वेगळ्या असू शकतात. फ्रान्सने १९४६ मध्ये सीएनसी ही संस्था उभारली. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर बसतो आणि तो चित्रपटांसाठीच्या निधीत जातो. प्रेक्षक हॉलीवूडचा चित्रपट पाहायला आला तरी त्याच्या तिकिटातून पुढच्या फ्रेंच चित्रपटाची तरतूद होते. सर्वसाधारण तिजोरीवर भार कमी, आणि पैसा घरात फिरत राहतो.

दक्षिण कोरियाने पडद्यावर जागा राखून ठेवली. वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणं सक्तीचं होतं. अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराची बोलणी करताना २००६ मध्ये ते ७३ वर आणलं, तेव्हा कोरियन नटनट्या रस्त्यावर उतरल्या. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला चांगल्या वेळेचा शो मिळावा म्हणून आपल्याकडे होणारा वाद याच जातीचा आहे.

महाराष्ट्र सरकारचं अनुदान आणि परदेशी रिबेट, दोन्ही एकच का?

नाही. आपलं अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर समिती पाहते, 'अ' किंवा 'ब' दर्जा ठरवते आणि त्यानुसार मिळतं. म्हणजे निवड आहे, आणि निवड आली की वशिल्याची कुजबुजही आली. रिबेट दर्जा बघत नाही. पावती खरी असली की झालं. भिकार चित्रपटालाही ते मिळतं. एकात सरकार समीक्षक होतं, दुसऱ्यात मुनीम. निर्मात्यांना मुनीम आवडतो, कारण त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं.

भारत परदेशी चित्रपटांना काय देतो?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात केंद्राने सवलत वाढवल्याचं जाहीर केलं: भारतात झालेल्या पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये, आणि भारतीय आशय ठळक असेल तर वर ५ टक्के. परवानग्यांसाठी २०१५ पासून फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस आहे. कागदावर हे आकडे युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा सरस आहेत. तरी युनिट्सची झुंबड उडालेली नाही. पोलीस, पालिका, रेल्वे, वनखातं, पुरातत्त्व यांच्या होकाराला लागणारा वेळ टक्क्यांनी भरून निघत नाही. शंभर माणसांचं युनिट हॉटेलात बसून एक दिवस गेला की चाळीस टक्क्यांतले किती टक्के गेले, ते परदेशी निर्माता बरोबर मोजतो.

अमेरिका परदेशात बनलेल्या चित्रपटांवर १०० टक्के टॅरिफ लावणार होती, त्याचं काय?

डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ मे २०२५ ला तशी घोषणा केली आणि सप्टेंबरअखेर पुन्हा केली. अडचण अशी की चित्रपट हल्ली पेटीतून बंदरात उतरत नाही, फाइल म्हणून येतो. किंमत कशाची धरायची? निम्मं शूटिंग हंगेरीत, व्हीएफएक्स मुंबईत आणि संगीत लॉस एंजेलिसमध्ये झालेला चित्रपट परदेशी की देशी? शिवाय ज्या आणीबाणीच्या कायद्याचा ते टॅरिफसाठी आधार घेत होते, त्यातून चित्रपट आणि माहितीपर साहित्य १९८८ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे वगळलेलं आहे. असा कर कधी आलाच तर आपल्याकडे पहिला फटका तेलुगूला बसेल, कारण अमेरिकेतली तिकीटविक्री त्यांच्या हिशेबात मोठी आहे. मराठी चित्रपट तिथे बहुधा महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या खेळांवर चालतो.

मी ब्रिटनमध्ये राहतो, मराठी चित्रपट करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

कंपनी स्थापन करण्यापूर्वी पटकथा घेऊन गुणांची बेरीज स्वतः करा. १८ ला अगदी काठावर पोहोचत असाल तर सहनिर्मितीचा विचार करा. तुमची नागरिकता किंवा वास्तव्य दिग्दर्शक वा लेखक म्हणून उपयोगी पडतं का, ते ५३ टक्क्यांच्या नियमांत तपासा. पहिल्या दिवसापासून ब्रिटनमधला खर्च आणि भारतातला खर्च वेगळ्या खात्यांत लिहा, कारण नंतर पावत्या वेगळ्या करणं महाकठीण. चित्रपट थिएटरसाठी आहे, हे शूटिंगच्या आधीच कागदावर दिसलं पाहिजे. फक्त ओटीटीसाठी बनलेला चित्रपट टीव्हीच्या नियमांत जातो आणि तिथे ताशी १० लाख पौंडांचा किमान खर्च मागतात. तेवढे पैसे तुमच्याकडे असते तर तुम्ही हे पान वाचत बसला नसता.